नवीन जेनेरिक आलं आणि बाबांची गोळीच बदलली, हीच ती गोळी हे ओळखायचं कसं?

मुग्धा_एडिसन

नमस्कार मंडळी. सासरे आता आमच्याकडे अमेरिकेतच असतात, इन्शुरन्स वगैरे सगळं इथलंच. मागे स्टेंट बसवला तेव्हापासून त्यांना रक्ताची गाठ होऊ नये म्हणून ब्रिलिंटा ९० चालू आहे, सकाळी एक संध्याकाळी एक, आणि सोबत ८१ वाली ॲस्पिरिन. यावेळी रिफिल आणायला गेले तर बाटलीवर ब्रिलिंटाचं नावच नाही, टिकॅग्रेलॉर असं लिहिलेलं. काउंटरवरच्या मुलीला विचारलं तर म्हणाली जेनेरिक आलंय आता, म्हणजे तेच औषध दुसऱ्या कंपनीचं, सेमच आहे, आणि पुढच्या माणसाला हाक मारून मोकळी.

घरी आल्यावर खरा तमाशा. ब्रिलिंटाची गोळी गोल, पिवळी, वर ९० आणि त्याखाली टी कोरलेला, बाबांना ती इतकी पाठ आहे की चष्मा नसला तरी बोटाने चाचपून सांगतात. नवीन गोळीवर अक्षरं वेगळी, पिवळा रंग पण जरा वेगळाच. बाबा आयुष्यभर बँकेत होते, त्यांचं म्हणणं सही जुळत नाही तर चेक पास करायचा नाही, आणि काल संध्याकाळची गोळी त्यांनी घेतलीच नाही. जुन्या बाटलीत थोड्या उरल्यात, त्या पुरवून पुरवून घेतो म्हणतात.

तर प्रश्न असे की ही गोळी खरंच तीच आहे हे घरबसल्या कसं बघायचं? नवीन मंजूर झालेल्या जेनेरिकची कुठे यादी असते का? नणंद पुण्याहून म्हणतेय की मी इकडून पाठवते, तिथे ढिगाने मिळतात, ते करावं का? आणि जेनेरिक आलंय तर कोपे, म्हणजे इन्शुरन्स असून आपण भरायचा वाटा, तेवढाच का आला हे पण कुणी सांगा, नवरा त्यावरूनच जास्त चिडलाय 😅

---

फार्मसीवाला_डॅलस

मी इथे रिटेल फार्मसीत आहे, बरीच वर्षं. बाकीचं नंतर, आधी एक. बाबांना आज गोळी चुकवू देऊ नका. स्टेंटवाल्या माणसाने ही गोळी मनाने बंद करणं किंवा पुरवून घेणं धोक्याचं आहे, आत रक्ताची गाठ होऊ शकते, म्हणून तर तिच्या माहितीपत्रकात वरच्या चौकटीत इशारा छापलेला असतो. उरलेल्या ब्रिलिंटातली घ्या नाहीतर नवीनातली घ्या पण घ्या, आणि कालची चुकली म्हणून आज डबल अजिबात नको, पुढची नेहमीच्या वेळेला. तुमच्या फार्मसीला फोन करून फार्मासिस्टलाच द्या म्हणायचं, काउंटरवरच्या मुलीला नाही. गोळीचं वर्णन फोनवर जुळवून देणं हे आमचं कामच आहे, उपकार नाही.

आता ओळखायचं कसं. अमेरिकेत १९९५ पासून नियम आहे की तोंडाने घ्यायच्या प्रत्येक गोळीवर, कॅप्सूलवर काहीतरी खूण छापलेली किंवा कोरलेली पाहिजे, तिला इंप्रिंट म्हणतात. ही खूण, रंग, आकार, साईझ असं सगळं मिळून औषध कोणतं, किती ताकदीचं आणि कुणी बनवलं हे कळलं पाहिजे. म्हणजे टिकॅग्रेलॉर ९० दहा कंपन्यांनी बनवली तर दहा वेगळ्या खुणा असणार, आणि ९० टी ही फक्त मूळ कंपनीची. कोलेस्टेरॉलच्या लिपिटॉरचं उदाहरण बघा, तिच्यावर पीडी १५५ असेल तर १० ची, १५६ म्हणजे २० ची, १५७ चाळीस आणि १५८ ऐंशी. त्याच औषधाचं, म्हणजे ॲटॉरव्हास्टॅटिनचं, रॅनबॅक्सी कंपनीचं जेनेरिक २०११ च्या नोव्हेंबरअखेर आलं तेव्हा त्यावर ही खूण नव्हती आणि पेशंट असेच बाटल्या घेऊन परत यायचे. दुसऱ्याच्या गोळीचं हुबेहूब रूप उचललं तर ट्रेडमार्कची भांडणं होतात, त्यामुळे जेनेरिक वेगळं दिसणं इथे नॉर्मल आहे.

घरी बघायचं तर पहिलं बाटलीचं लेबल नीट वाचा. बऱ्याच फार्मसी औषधाच्या नावाखाली बारीक अक्षरात गोळीचं वर्णन छापतात, रंग, आकार, एका बाजूला काय दुसऱ्या बाजूला काय. कॅलिफोर्नियात तर कायद्यानेच लागतं. तिथे नसेल तर फार्मसीने दिलेल्या कागदावर असतं. दुसरं, डेलीमेड नावाची सरकारी साईट आहे, नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनची, तिथे औषधाचं नाव टाकून कंपनी निवडायची आणि ‘हाऊ सप्लाइड’ या भागात जायचं, तिथे गोळी कशी दिसते ते शब्दात दिलेलं असतं, बऱ्याचदा फोटो पण. कंपनी कोणती हे लेबलवर असतं, आणि एनडीसी नंबर, म्हणजे औषधाचा ओळख क्रमांक, मिळाला तर अजून सोपं, त्यातले सुरुवातीचे आकडे कंपनीचे, मधले औषध आणि ताकदीचे, शेवटचे पॅकिंगचे. पूर्वी याच लायब्ररीची पिलबॉक्स म्हणून खास गोळ्या ओळखायची साईट होती, ती २०२१ मध्ये बंद केली, जुन्या लिंक सापडल्या तर त्यात वेळ घालवू नका. खाजगी साईटवर रंग आकार टाकून शोधता येतं, पण नवीन जेनेरिक तिथे यायला कधी कधी उशीर होतो, त्यामुळे सापडलं नाही म्हणजे गोळी खोटी असं नाही.

यादीचं विचारलंत. एफडीए म्हणजे इथलं औषधांना मंजुरी देणारं सरकारी खातं, त्यांच्या साईटवर पहिल्यांदा मंजूर झालेल्या जेनेरिकची वर्षवार यादी असते आणि ऑरेंज बुक म्हणून एक आहे त्यात कोणतं जेनेरिक कोणत्या ब्रँडच्या जागी देता येतं ते कळतं, एबी असा शेरा असेल तर बदलून द्यायला हरकत नाही. पण मंजुरी मिळाली म्हणजे दुकानात आलं असं नसतं हे लक्षात ठेवा. रक्त पातळ करणारी एलिक्विस म्हणजे ॲपिक्साबॅन, तिची जेनेरिक एफडीएने डिसेंबर २०१९ मध्येच मंजूर केलीत, पण पेटंटच्या भानगडीमुळे इथे ती १ एप्रिल २०२८ च्या आधी विकता येणार नाहीत. त्यामुळे आत्ता कुणी ऑनलाईन अमेरिकन जेनेरिक एलिक्विस म्हणून विकत असेल तर तो इथल्या कायदेशीर साखळीतला माल नाही एवढं नक्की. टिकॅग्रेलॉरचं तसं नाही, ते २०२५ मध्ये खरंच बाजारात आलंय.

कोपेचं उत्तर तुमच्या नवऱ्याला आवडणार नाही 😀 जेनेरिक कुठल्या टियरमध्ये, म्हणजे कोपेच्या कुठल्या पायरीवर, टाकायचं ते इन्शुरन्सवाले ठरवतात आणि नवीन आलेलं सुरुवातीला वरच्या टियरमध्ये राहू शकतं. त्यात बऱ्याच औषधांना पहिल्या जेनेरिकवाल्याला १८० दिवस एकट्याने विकायची मुभा मिळते, तोवर किंमत फारशी हलत नाही, चार-पाच कंपन्या उतरल्या की धाडकन पडते. कॅश प्राईस विचारून बघा, कधी कधी इन्शुरन्सपेक्षा ती कमी निघते.

---

भाऊकाका_नाशिक

माझं स्पष्ट मत आहे की जेनेरिक हा शेवटी स्वस्तातला मालच. आमच्या इथे पण हेच चाललंय, डॉक्टर एक लिहून देतो मेडिकलवाला दुसरंच हातात ठेवतो आणि म्हणतो काका कंटेंट सेम आहे. मी तर वाचलंय की कायद्यानेच ८० टक्के औषध असलं तरी चालतं, म्हणजे पाचातली एक गोळी खडूचीच समजा. तुमच्या सासऱ्यांचं बरोबर आहे, माणसाला पैसे परवडत असतील तर ब्रँडच घ्यावा, हृदयाशी खेळ नको. बाकी अमेरिकेत राहून सुद्धा गोळ्या ओळखायची वेळ येते हे वाचून गंमत वाटली.

---

फार्मसीवाला_डॅलस

भाऊकाका, हा ८० टक्क्यांचा गैरसमज मला रोज ऐकायला मिळतो म्हणून जरा लांबण लावतो. नियमात जे ८० ते १२५ टक्के आहे ते गोळीत किती औषध भरलंय त्याचं माप नाही. ९० मिलिग्रॅम लिहिलंय तर गोळीत साधारण तेवढंच लागतं, त्याची मर्यादा वेगळी आणि बरीच कडक असते. निरोगी माणसांना ब्रँड आणि जेनेरिक दोन्ही देऊन रक्तात किती उतरलं ते मोजतात, त्या दोघांच्या प्रमाणाची जी ९० टक्के खात्रीची रेंज निघते ती पूर्णच्या पूर्ण ८० ते १२५ च्या आत बसावी लागते. सरासरी जरा जास्त सरकली तरी रेंजचं एक टोक बाहेर पडतं आणि औषध नापास. एफडीएच्या लोकांनी दोन हजारांवर चाचण्या एकत्र करून बघितल्या होत्या, त्यात रक्तात उतरणाऱ्या एकूण औषधात सरासरी फरक साडेतीन टक्क्यांच्या आसपास निघाला होता. खडू नाही हो.

पण तुमच्या बोलण्यात एक तथ्य आहे आणि ते मी नाकारणार नाही. कागदावरचा नियम आणि कारखान्यातली वागणूक यात फरक पडू शकतो. लिपिटॉरचं पहिलं जेनेरिक ज्यांनी आणलं त्याच रॅनबॅक्सीने पुढे २०१३ मध्ये अमेरिकेत भेसळीच्या औषधांबद्दल आणि खोट्या माहितीबद्दल गुन्हा कबूल करून ५० कोटी डॉलर भरले. म्हणून कंपनी कोणती हे पेशंटला माहीत असावं या मताचा मी आहे, आणि ते कळायचा रस्ता पुन्हा तोच, लेबल आणि इंप्रिंट.

आणि गोळीचं रूप बदललं की माणूस बिचकतो याला पण अभ्यास आहे, बाबा एकटे नाहीत. बोस्टनच्या संशोधकांनी २०१४ मध्ये हार्ट ॲटॅक येऊन गेलेल्यांचं बघितलं, गोळीचा रंग बदलला तर औषध सोडून देण्याची शक्यता ३४ टक्क्यांनी वाढली आणि आकार बदलला तर ६६ टक्क्यांनी. यावर उपाय म्हणजे फार्मसीला सांगायचं की दर वेळी याच कंपनीचं द्या. सिस्टीममध्ये नोंद टाकता येते. माल नसेल तेव्हा नाइलाज, पण निदान बदललंय हे आधी सांगतील. काही औषधांना सगळ्या कंपन्या रंगाचा एकच नियम पाळतात, इथली थायरॉईडची लेव्होथायरॉक्सिन ५० म्हणजे पांढरी, १०० पिवळी, वॉरफरिन ५ पीच रंगाची, त्यात पेशंटला बरंच सोपं जातं. सगळ्यांना असं का करत नाहीत हा माझा पण जुना प्रश्न आहे.

---

मेडिकलवाला_सांगली

मुग्धाताई, इकडून पाठवायचं मनात पण आणू नका. डॅलसवाल्यांनी इंप्रिंट सांगितलं ते वाचून हेवा वाटला कारण आपल्याकडे गोळीवर काही छापायची सक्ती नाही. काही कंपन्या कोरतात, बाकी पांढरी गोल गोळी बीपीची, पांढरी गोल गोळी शुगरची, आणि पांढरी गोल गोळी झोपेची सुद्धा. स्ट्रिपमधून बाहेर काढली की तिची ओळख संपली. आमच्याकडे रोज कोणीतरी रुमालाच्या गाठीत एक सुटी गोळी बांधून आणतं आणि म्हणतं असली द्या. मी देत नाही, चिठ्ठी नाहीतर रिकामी स्ट्रिप आणा म्हणतो, त्यावर ऐकून घेतो की शेजारचा तर लगेच देतो.

आपल्याकडे ओळख म्हणजे स्ट्रिपची मागची बाजू. तिथे मूळ औषधाचं नाव असतं, २०१८ पासून एकाच औषधाची गोळी असेल तर हे नाव ब्रँडपेक्षा मोठ्या अक्षरात छापायचं असा नियम आहे, तरी लोक ब्रँडच वाचतात. मग ताकद, बॅच नंबर, बनवल्याची तारीख, एक्स्पायरी, लायसन्स नंबर आणि बनवणाऱ्याचा पत्ता. विकणारी कंपनी एक आणि बनवणारी बद्दी नाहीतर सिक्कीमची दुसरीच असं खूपदा असतं, त्यात काही गैर नाही. १ ऑगस्ट २०२३ नंतर बनलेल्या ठरावीक ३०० ब्रँडवर बारकोड किंवा क्यूआर लागतो, मोबाईलने स्कॅन केला की हीच सगळी माहिती येते, ती स्ट्रिपवरच्या छपाईशी ताडून बघायची. बॅच जुळली नाही तर घेऊ नका. फक्त तुमचं औषध त्या ३०० मध्ये नसेल तर क्यूआर नाही म्हणून दुकानदाराशी भांडू नका, तसे पण लोक येतात.

कापलेल्या स्ट्रिपचं पण सांगतो. पंधराच्या स्ट्रिपमधून दहा मागितल्या की आम्ही कात्री लावतो, आणि बॅच, एक्स्पायरी बऱ्याचदा एका टोकालाच असते. ते टोक ज्याच्याकडे गेलं त्याचं नशीब. तुम्ही अख्खी स्ट्रिप घ्या, नाही जमलं तर बिल घ्या, बिलावर बॅच आणि एक्स्पायरी आलीच पाहिजे. घरी पण गोळ्या एक्स्पायरीच्या विरुद्ध टोकाकडून फोडत यायच्या, शेवटच्या गोळीपर्यंत नाव-तारीख शाबूत राहते.

नवीन जेनेरिकचा खरा दणका आम्ही मार्च २०२५ मध्ये बघितला, शुगरची एम्पाग्लिफ्लोझिन. ११ तारखेला पेटंट संपलं आणि त्याच आठवड्यात औषध कंपन्यांच्या एमआर लोकांची रांग, प्रत्येकाच्या हातात नवीन नाव. जी गोळी साठ रुपयाच्या घरात होती ती दहा-पंधराला, काहींची तर पाच-सहा रुपयाला. पेशंट खूश, पण घोळ वेगळाच झाला. एक आजी जुनी महागाची स्ट्रिप संपवत होत्या आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली नवीन स्वस्तातली पण घेत होत्या, नाव वेगळं म्हणजे औषध वेगळं असं समजून. एकच औषध दुप्पट. मुलाने दोन्ही स्ट्रिपा आणून दाखवल्या तेव्हा कळलं. तेव्हा ब्रँड विसरा, मोठ्या अक्षरातलं नाव जुळवा, आणि शेपूट पण बघा. बीपीची टेल्मा ४०, टेल्मा एच, टेल्मा एएम हे तीन वेगळे प्रकार आहेत, नुसतं टेल्मा द्या म्हणून फोन करू नका. भाऊकाका, जनऔषधीच्या स्ट्रिपवर ब्रँडचं नावच नसतं, नुसतं औषधाचं, त्यामुळे हा घोळ तिथे होत नाही, एकदा जाऊन बघा.

---

बे_एरिया_बाळ्या

सांगलीकरांशी सहमत, आमचे आईवडील दर उन्हाळ्यात येतात आणि दर वेळी हीच मारामारी. आई सामान हलकं करायचं म्हणून सगळ्या गोळ्या स्ट्रिपमधून काढून डब्यांत भरते, त्यावर चिकटपट्टी लावून बाबा सकाळ, आई रात्र असं लिहिते आणि ती चिकटपट्टी विमानात सुटते. गेल्या खेपेला बाबांना चक्कर आली म्हणून इमर्जन्सीत नेलं तर डॉक्टर विचारतोय काय घेतात, मी डबा पुढे केला, त्याने एक गोळी उलटीपालटी करून बघितली, वर काहीच लिहिलेलं नाही, डबा मला परत दिला. भारतातला ब्रँड सांगून तर त्याला काहीच कळेना. शेवटी पहाटे काकाला उठवून कपाटातल्या चिठ्ठीचा फोटो मागवला.

आता नियम केलाय, स्ट्रिपा तशाच आणायच्या, डॉक्टरांची चिठ्ठी सोबत, नव्वद दिवसांपुरत्याच, आणि प्रत्येक स्ट्रिपच्या मागच्या बाजूचा फोटो फॅमिली ग्रुपवर पिन करून ठेवायचा. आणि एक, इथे पॅरासिटामॉलला ॲसिटॅमिनोफेन म्हणतात, घरून आणलेली डोलो आणि इथली टायलेनॉल दोन्हीत तेच असतं, एकाच वेळी घेऊ देऊ नका, ज्येष्ठ मंडळी हमखास करतात.

ओळख न लागलेली गोळी चुकून पोटात गेलीच तर पॉयझन कंट्रोलचा १-८००-२२२-१२२२ नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट, बघून सांगतात. बाकी इंप्रिंटवर पण डोळे झाकून विश्वास नको, रस्त्यावर मिळणाऱ्या निळ्या एम ३० गोळ्या हुबेहूब खऱ्या ऑक्सिकोडोन या वेदनाशामक गोळीसारख्या दिसतात आणि आत फेंटानिल हे जीवघेणं अंमली औषध असतं, इथलं अंमली पदार्थविरोधी खातं डीईए किती वर्षं ओरडतंय. खूण जुळणं हे फार्मसीतून आणलेल्या बाटलीपुरतंच.

माझी स्वतःची तक्रार मेल ऑर्डरवाल्यांबद्दल आहे, नाव घेत नाही. बायकोच्या एकाच गोळीचं लागोपाठ तीन रिफिलला तीन रूपं आली, एकदा पांढरी लांबट, एकदा गुलाबी गोल, आणि कळवायचे कष्ट नाहीत. फोन केला तर अर्धा तास संगीत.

---

मुग्धा_एडिसन

खूप खूप धन्यवाद सगळ्यांना! लेबलवर खरंच वर्णन होतं, इतक्या बारीक अक्षरात की मी इतके दिवस ते पत्त्याचाच भाग समजत होते. डेलीमेडवर कंपनी शोधून बाबांनाच लॅपटॉपसमोर बसवलं, त्यांनी गोळी चिमटीत धरून एक बाजू वाचली, दुसरी वाचली, दोनदा ताडून बघितलं, आणि मग फार्मासिस्टशी स्वतः फोनवर बोलले. गोळी चालू झाली आहे. फोन ठेवता ठेवता त्यांनी त्याला विचारलं की यात जिलेटिन आहे का, आम्ही शाकाहारी, तर तो म्हणाला ही टॅबलेट आहे, जिलेटिन बहुतेक कॅप्सूलच्या टोपणात असतं, तरी यादी बघून सांगतो, आणि बघून नाही म्हणाला.

नणंदेला पाठवू नको म्हणून कळवलंय. आता एकच राहिलं, ब्रिलिंटाच्या उरलेल्या गोळ्यांचं काय करू? आणि त्या नवीन बाटलीत एकत्र करून टाकल्या तर चालेल का, म्हणजे एकच बाटली राहील?

---

फार्मसीवाला_डॅलस

एकत्र अजिबात करू नका. एका बाटलीत दोन रूपाच्या गोळ्या आल्या की पुढच्या वेळी घरातला दुसरा कोणी उघडेल तो त्यांना दोन वेगळी औषधं समजणार, आणि तुमच्या लेबलवरचं वर्णन पण अर्ध्याच गोळ्यांना लागू राहील. एक्स्पायरी उलटली नसेल आणि ताकद तीच ९० असेल तर साधारणपणे आधी ब्रिलिंटा संपवा, तोवर नवीन बाटली वरच्या कप्प्यात, बाबांच्या हाताला लागणार नाही अशी. ती संपली की नवीन खाली काढा. जुनी रिकामी बाटली फेकताना नाव-पत्त्याचं लेबल फाडून टाका.

भाऊकाका, तुमच्या मेडिकलवाल्याने दिलेल्या स्ट्रिपच्या मागच्या बाजूचा फोटो टाका बघू, नाव डॉक्टरांच्या चिठ्ठीशी जुळतंय का ते सांगलीकर सांगतील.

---

भाऊकाका_नाशिक

टाकतो. चष्मा सापडला की.